बिनचुन्याच्या भिंतीला पोट सुटलंय, ग्रेट झिंबाब्वेत काय करतात?

गढीकर: मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या गढीची बाहेरची भिंत कोरडी रचलेली आहे, चुना नाही की माती नाही. उंची साधारण बारा फूट. मधोमध पोट आलंय, वर पिंपळ आणि घाणेरी. गवंडी म्हणतो सांधे सिमेंटने भरून टाकू. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी नगराचे अवशेष आहेत, तिथल्या भिंतीही अशाच कोरड्या. तिथं हे कसं हाताळतात? आणि वरून दगडाला तेल मारावं का?

ओळंबा: सिमेंट अजिबात नको. कोरड्या भिंतीत पाणी सांध्यांतून निघून जातं आणि दगडांना थोडं हलायला वाव असतो. सिमेंट भरलं की पाणी मागे कोंडतं, आतली भर फुगते आणि दर्शनी थर एकदम बाहेर येतो.

ग्रेट झिंबाब्वेतल्या मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत जागोजागी 11 मीटर उंच, परीघ अंदाजे 250 मीटर. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे थर, मध्ये दगडांची भर. पोट सुटण्याची कारणं तुमच्यासारखीच: मुळं, भरीतली बारीक खडी खाली उतरणं, आणि वर चढणारी माणसं. उतरवायचीच वेळ आली तर आधी समोरून सरळ फोटो, मग प्रत्येक दगडाला नंबर. थर वरून खाली काढायचे, जमिनीवर त्याच क्रमाने मांडायचे आणि त्याच क्रमाने परत रचायचे. नंबर खडूने घालू नका, एका सरीत पुसला जातो.

काळीमाती: वरचं बरोबर, पण उतरवायची घाई कशाला? पोट जुनं असून थांबलेलंही असू शकतं. आधी मोजा. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर धातूचे बारीक ठिपके चिकटवा, त्यांतलं अंतर व्हर्नियरने महिन्यातून एकदा घ्या. सकाळी एकाच वेळी, कारण उन्हाने दगड प्रसरण पावतो आणि आकडे फसवतात. सोबत वरून ओळंबा सोडून पोटाचा पुढावा लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. तुमच्याकडे पायाखाली काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणजे दोष भिंतीत नसून पायात असू शकतो. पायाशी पाणी साचतंय का ते आधी बघा.

पिंपळ उपटू नका! भिंतीलगत कापा, ताज्या कापावर लगेच मूळनाशक लावा, मूळ वाळू द्या. ओढून काढलं की सोबत चार दगड येतात. घाणेरी ग्रेट झिंबाब्वेतही डोकेदुखीच आहे. ती बी धरण्याआधी छाटा.

चित्रगुहा: तेलाचं उत्तर त्याच देशातल्या माटोबो डोंगरातल्या पोमोंग्वे गुहेत मिळतं. तिथल्या चित्रांवर 1920 च्या दशकात टिकवण्याच्या हेतूने तेल लावलं आणि चित्रं काळवंडून कायमची बिघडली. परत काढता येणार नाही असं काहीही दगडावर लावायचं नाही.

शिवाय पायथ्याची माती "साफ" करू नका. ग्रेट झिंबाब्वेत अवशेषांच्या देखरेखीला नेमलेल्या रिचर्ड हॉलने 1902 ते 1904 मध्ये साफसफाईच्या नावाखाली थरच्या थर उकरून टाकले, आणि भिंती कुणी, कधी बांधल्या याचा बराच पुरावा त्या मातीबरोबर गेला.

गढीकर: म्हणजे गवंड्याला आधी थांबवतो. पण पोटाखाली मुलं खेळतात, तोवर काय?

ओळंबा: दोर बांधून भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतकं अंतर बंद करा. पोट वाढतंय असं दिसलं तर लाकडी फळी टेकवून तिरपे टेकू द्या. आणि गढी संरक्षित यादीत आहे का, ते पुरातत्त्व विभागाकडे विचारून घ्या. असेल तर टेकूसुद्धा त्यांच्या परवानगीनेच.