खरा अडसर फ्लँजखालच्या ब्युटाइल टेपचा

कॅरॅव्हॅनच्या छपरावरच्या व्हेंटभोवती गळत असेल तर जुन्या सिलिकॉनवरच नवा थर ओढा, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला पटला नाही. वाळलेल्या सिलिकॉनला काहीही नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडूनच काढावं लागतं. छपरावर ईपीडीएम रबराचा पत्रा चिकटवलेला असेल तर पेट्रोल, मिनरल स्पिरिट जवळ आणू नका, रबर फुगून खालच्या प्लायवरून सुटतं. साबणाचं पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

आणि सगळे वरच्या सीलंटवरच बोलताहेत. व्हेंटखाली पाणी अडवते ती मुळात फ्लँजखालची (छपरावर स्क्रूने बसवलेल्या व्हेंटच्या सपाट किनारीखालची) ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. वीस-पंचवीस वर्षांत ती कडक होऊन आक्रसते, मग वरून कितीही ट्यूब रिकाम्या करा. स्क्रू काढून फ्लँज उचला, जुनी टेप खरवडा, नवी लावा, कडेने थोडी बाहेर येईपर्यंत आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळा, कारण ब्युटाइल हळूहळू दबतं. त्यानंतरच फ्लँजच्या कडा आणि स्क्रूची डोकी लॅप सीलंटने (छपराच्या सांध्यांवर वरून लावायच्या सीलंटने) झाका. त्यातलं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणारं) फक्त सपाट भागावर, पुढच्या-मागच्या उतारावर ते ओघळतं, तिथे नॉन-सॅग (न ओघळणारं) घ्या. फ्लँजभोवतीचा प्लाय बोटाने दाबून मऊ लागला तर आधी तो बदला.