छोट्या मायक्रोकंट्रोलरवर यूएसबी होस्ट हे खूळच का?

अर्धवाहक (धागाकर्ता)

काल एका धाग्यावर 'चौथा थर' यांनी जाता जाता लिहिले, की मायक्रोकंट्रोलरला (एका चिपमधल्या चिमुकल्या संगणकाला) यूएसबी होस्ट (जोडलेल्या उपकरणाला वीज आणि हुकूम देणारी बाजू) बनवणे म्हणजे नांगराला सायकल जुंपणे होय, आणि ज्याला कीबोर्ड किंवा पेन ड्राइव्ह जोडायचा आहे त्याने मुकाट्याने लिनक्स चालवणारे बोर्ड घ्यावे. त्याखाली 'सहमत' म्हणणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

हे विधान एके काळी खरे होते. एटीमेगा ३२८पी या जुन्या मायक्रोकंट्रोलरची रॅम २ केबी, त्याला एसपीआयवरून (चिपा जोडणाऱ्या चार तारांवरून) मॅक्स ३४२१ई ही होस्टची वेगळी चिप जोडायची आणि लायब्ररी ऐसपैस बसल्यावर उरलेल्या जागेत आपल्या कोडने अंग चोरून राहायचे, हा संसार मीही केला आहे. परंतु २०२१ साली आलेल्या आरपी २०४० या मायक्रोकंट्रोलरमध्ये होस्ट कंट्रोलर चिपच्या पोटातच आहे आणि रॅम २६४ केबी आहे. ईएसपी ३२-एस३ या चिपमध्येही ती सोय आहे, आणि टीन्सी ४.१ या बोर्डावर तर सेकंदाला ४८० मेगाबिटचा होस्ट पोर्ट आहे. मग नांगर कोणता आणि सायकल कोणती?

माझा प्रकल्प साधा आहे. यूएसबी मिडी कीबोर्डवर (मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसात बोलण्याची भाषा) वाजवलेले सूर पाच पिनांच्या डिन सॉकेटच्या जुन्या सिंथेसायझरपर्यंत पोहोचवायचे. यूएसबीवरून चार बाइटांचे पुडके येते. त्यातला पहिला बाइट फेकायचा आणि उरलेले तीन ३१२५० बॉडने (सेकंदाला तितके बिट) पुढे ढकलायचे, एवढेच काम. माझी डबी कीबोर्डचे दिवे लागण्याआधी तयार असते आणि कधीही प्लग उपटला तरी तिचे काही बिघडत नाही. लिनक्सचे बोर्ड सुरू होईपर्यंत वाजवणाऱ्याचा उत्साह मावळतो, आणि मध्येच वीज गेली तर कार्डाची चिंता वेगळीच. (पॅच, म्हणजे निवडलेला आवाज, बदलला की सिंथेसायझर कधी कधी लगेच पहिल्या पॅचवर परत जातो, पण तो त्याच्या वयाचा दोष आहे, यूएसबीचा नाही.)

चौथा थर

माझ्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे गाळला आहे. मी लिहिले होते, 'कोणते उपकरण जोडले जाईल हे आधी ठाऊक नसेल तर'.

डिव्हाइस, म्हणजे होस्टला जोडले जाणारे उपकरण, होणे सोपे असते, कारण डिव्हाइसला फक्त स्वतःची ओळख सांगायची असते. होस्टला समोरच्या प्रत्येकाची ओळख पटवून घ्यावी लागते. डी प्लस या डेटाच्या तारेवर १.५ किलोओहमचा पुलअप (तारेचा व्होल्टेज वर खेचणारा रोध) दिसला की फुल स्पीड, डी मायनसवर दिसला की लो स्पीड. मग रीसेट, मग डिस्क्रिप्टरचे (उपकरणाच्या ओळखपत्राचे) पहिले ८ बाइट वाचून शून्य क्रमांकाच्या एंडपॉइंटचा (संदेशांच्या कप्प्याचा) आकार काढणे, मग पत्ता देणे, मग पुन्हा सगळे डिस्क्रिप्टर वाचणे, आणि हे सर्व दर मिलिसेकंदाची फ्रेम न चुकवता. येथवर लायब्ररी करते, मान्य. पण पुढे कीबोर्डच्या पोटात हब (एका पोर्टाचे अनेक करणारा) निघतो, एकाच कीबोर्डचे तीन इंटरफेस निघतात, किंवा कोणी यूएसबी-सिरियल केबल आणून जोडतो आणि 'सिरियल म्हणजे सीडीसीच ना?' असे विचारतो. नाही. सीडीसी हा यूएसबीचा प्रमाणित प्रकार, पण अशा केबलींतल्या सीएच ३४० किंवा सीपी २१०२ या चिपांची बोली निर्मात्याची स्वतःची असते आणि प्रत्येकीला वेगळा ड्रायव्हर लागतो. आपण केवळ पोर्ट जोडत नाही, जगभरच्या उपकरणांच्या लहरी पदरात घेता.

शिवाय ईएसपी ३२-एस३ मध्ये आतली फिजिकल लेयर (तारांशी प्रत्यक्ष बोलणारा भाग) होस्ट आणि सिरियल-जेटॅग (संगणकावरून चूक शोधण्याची, म्हणजे डीबगची, सोय) यांच्यात सामायिक आहे. होस्ट चालू केला की त्याच पोर्टवरचे डीबगचे संदेश गेले, म्हणजे दिवा लागला नाही तर का लागला नाही हे विचारायचीही सोय उरत नाही.

अर्धवाहक

डीबगसाठी यूएआरटीच्या (साध्या सिरियलच्या) दोन पिना आहेत, त्या वापराव्यात. आरपी २०४० वर पीआयओच्या (पिना स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या चिपमधल्या छोट्या यंत्रांच्या) साहाय्याने कोणत्याही दोन शेजारच्या पिनांवर होस्ट चालवता येतो आणि मूळ पोर्ट संगणकासाठी मोकळा राहतो. घड्याळ तेवढे १२ मेगाहर्ट्झच्या पटीत ठेवावे लागते. मी १२५ वर दोन संध्याकाळी वाया घालवल्या आणि १२० केल्यावर उपकरण पहिल्या फटक्यात दिसले, हे प्रामाणिकपणे सांगतो. नाहीतर तेही आपणच सांगाल.

पुलडाउन

इतकी चर्चा झाली आणि विजेचा विषय दोघांनीही काढला नाही याचे नवल वाटते, कारण होस्टचे पहिले कर्तव्य बोलणे नसून जेवू घालणे आहे.

पिकोच्या (आरपी २०४० च्या बोर्डाच्या) व्हीसिस पिनेवर, म्हणजे बोर्डाला वीज देण्याच्या पिनेवर, ५ व्होल्ट देऊन, ओटीजी केबलने (होस्टपणासाठीच्या केबलने) कीबोर्ड जोडून, मी पंधरा दिवस लायब्ररी उलटीपालटी करत होतो. चूक माझीच होती. त्या बोर्डावर व्हीबसकडून (यूएसबी पोर्टच्या ५ व्होल्टच्या तारेकडून) व्हीसिसकडे शॉटकी डायोड आहे आणि तो उलट्या दिशेने काही जाऊ देत नाही. त्यामुळे चिप मजेत जागी होती आणि कीबोर्ड उपाशी. तीच तार ४० व्या पिनेवर, म्हणजे व्हीबसवर, हलवल्याबरोबर कीबोर्डचे दिवे लुकलुकले. मॅक्स ३४२१ई च्या छोट्या शील्डवरही (वर बसणाऱ्या जोडबोर्डावरही) व्हीबस ३.३ व्होल्टला जोडलेला असतो आणि एक ट्रेस (तांब्याची रेघ) कापून तेथे ५ व्होल्ट स्वतः द्यावे लागतात. 'माझ्याकडे यूएसबी होस्ट चालत नाही' अशी तक्रार आली, की मी आता कोड पाहण्याआधी मल्टिमीटर मागतो.

जुनी सोल्डर

विजेचा विषय निघालाच आहे तर टाइप-सीचे गाऱ्हाणे मांडतो. हल्लीच्या बहुतेक छोट्या बोर्डांवर दोन्ही सीसी पिनांना (वीज कोण देणार हे ठरवणाऱ्या पिनांना) जमिनीकडे ५.१ किलोओहमचे रोध लावलेले असतात, म्हणजे ते बोर्ड 'मी वीज घेणारा आहे' असे कायमचे जाहीर करून बसलेले असते. होस्टने ५ व्होल्टकडे ५६ किलोओहमचा रोध दाखवायला हवा. अशा बोर्डाला सी ते सी केबलने कीबोर्ड जोडला, की दोघेही ताट घेऊन बसतात आणि वाढायला कोणीच उठत नाही. तरीही बोर्डाच्या जाहिरातीत 'यूएसबी ओटीजी' असे ठळक छापलेले असते.

एकच जंपर

एवढा बाऊ कशासाठी? मी व्हीबसला ५ व्होल्टची तार सरळ सोल्डर करतो, सी ते ए अडॅप्टर लावतो आणि काम होते. चार वर्षांत काहीही जळलेले नाही.

जुनी सोल्डर

माझे जळले आहे. बाहेरचा ५ व्होल्टचा पुरवठा चालू असताना, नवा प्रोग्राम चढवायचा म्हणून तोच पोर्ट मी विसरून संगणकाला जोडला. दोन पुरवठे समोरासमोर आले. पहिल्या वेळी संगणकाचा पोर्ट फक्त बंद पडला आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर शुद्धीवर आला. दुसऱ्या वेळी तो शुद्धीवर आलाच नाही. नशिबाने साथ दिली याला अभियांत्रिकी म्हणत नाहीत, एवढेच आपल्याला सांगणे आहे.

एकच जंपर

आणि विसरभोळेपणाचे खापर तारेवर फोडणे याला अभियांत्रिकी म्हणतात वाटते! प्रत्येक छंदप्रकल्पाला प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला लावाल तर नवशिके सोल्डरिंग आयर्नला हातही लावणार नाहीत.

पुलडाउन

आवाज थोडा खाली घ्यावा, कारण तारेवाल्यांना अजून एक हिशेब द्यायचा आहे. जोडल्या जाणाऱ्या उपकरणाच्या पोटात १० मायक्रोफॅरडपर्यंत कपॅसिटर असू शकतो आणि जोडताक्षणी तो रिकामा असतो. यूएसबीचे विनिर्देश होस्टच्या बाजूला किमान १२० मायक्रोफॅरड मागतात ते उगाच नाही. माझ्या एका नोंदयंत्राला पेन ड्राइव्ह लावला की बोर्ड रीसेट व्हायचे, आणि फाइल तयार होण्याऐवजी स्वागताचा संदेशच पुन्हा पुन्हा यायचा. व्हीबसवर २२० मायक्रोफॅरड लावले आणि ते थांबले. त्यानंतर मी विद्युतप्रवाहाला मर्यादा घालणारी पॉवर स्विचची चिपच वापरू लागलो. तिचा एक फायदा कोणी सांगत नाही: उपकरण रुसून बसले तर एका पिनेने त्याची वीज तोडून पुन्हा देता येते, वापरणाऱ्याला प्लग काढून लावायला सांगावे लागत नाही.

एकच जंपर

कपॅसिटर लावतो. स्विचच्या चिपचे पाहू.

कोरी वही

मुळात नोंदयंत्राला पेन ड्राइव्ह हवा कशाला? एसडी कार्ड एसपीआयच्या चार तारांवर चालते.

पुलडाउन

कारण नोंदी न्यायला येणारी व्यक्ती चष्मा शोधत येते, आणि नखाएवढे कार्ड तिच्या हातून दोनदा यंत्राच्या फटीत पडले आहे.

चौथा थर

विजेचे पुराण संपले असेल तर मूळ मुद्द्याकडे येतो. उपकरण एकच आणि ठरलेले, हब नाही, व्हीबस नीट, आणि दुसरे काही जोडायला बंदी, एवढ्या अटींवर मी होस्ट मान्य करतो. थोडक्यात नवरदेव चालेल, वऱ्हाड नको. अर्धवाहक यांची मिडीची डबी या अटींत बसते, हे नाइलाजाने कबूल करतो.

मात्र त्यांच्या सिंथेसायझरला वयाचा दोष नाही. जो पहिला बाइट ते फेकतात, त्याचे खालचे चार बिट पुढच्या तीनपैकी किती बाइट खरे आहेत हे सांगतात. पॅच बदलण्याचा संदेश दोन बाइटांचा असतो. तिसरा बाइट केवळ भरतीचा शून्य. ते तिन्ही पाठवतात, आणि मिडीच्या रनिंग स्टेटसमुळे (नवा आदेश आला नाही तर आधीचाच धरण्याच्या नियमामुळे) सिंथेसायझर त्या शून्याचा अर्थ 'आता पहिला पॅच लाव' असा घेतो. बिचारे यंत्र सांगितलेले तंतोतंत करते आहे.

अर्धवाहक

तपासले. तसेच आहे. पहिल्या बाइटचे खालचे चार बिट सी किंवा डी (हेक्स अंकांत, म्हणजे १२ किंवा १३) असतील तर आता दोनच बाइट पाठवतो, आणि पॅच जागेवर राहतो. सिंथेसायझरची क्षमा मागितली आहे. आपली मागायची की नाही, हे 'नांगराला सायकल' आपण मागे घेता की नाही त्यावर ठरवीन.

चौथा थर

सायकल मागे घेतो. नांगर राहू द्या. कोणीतरी हब जोडेपर्यंत.