समुद्राकाठच्या माणसाने सहा हजारी शिखराच्या नादी लागू नये?

सड्यावरची, रत्नागिरी
लडाखचं शिखर चढायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांवर खाडीकाठच्या काकांनी काल लिहिलं, "आपण समुद्राकाठची माणसं, आपल्या रक्तात ती उंचावरची हवाच नाही. आणि ऐन जुलैत हिमालय? पोरांना अक्कल नाही." आधी सोडून दिलं होतं. खाली एवढ्या जणांनी हात जोडलेले बघितले आणि राहवलं नाही.

काका, ती हवा पुणेकरांच्याही रक्तात नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची माणसं २०१२ला एव्हरेस्टवर गेली, २०१९ला कांचनजंगावर. पुणं आहे ५६० मीटरवर आणि लेह ३५००वर. तिथे विमानातून उतरलं की पुणेकर काय नि रत्नागिरीकर काय, दोघांचं डोकं सारखंच ठणकतं.

पावसाचं म्हणाल तर लडाख हिमालयाच्या पाठीमागे. आपले ढग तिथे पोचेपर्यंत रिते होतात. तिथल्या कांग यात्से-दोन शिखराचा (६२५० मीटर) मोसमच जुलै-ऑगस्ट. पूर्वी सगळे लेहजवळच्या स्तोक कांग्री शिखराला पळायचे, ते २०२० पासून चढाईला बंद केलं.

खाडीकाठचा, दाभोळ
पुस्तकातलं मला शिकवू नकोस. मी लेहला जाऊन आलोय. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड, ५३५९ मीटर. फोटोसाठी गाडीतून उतरलो, कडेच्या दगडावर टेकलो तो उठताच येईना. बायको म्हणाली, ओठ जांभळे पडलेत. आयुष्यभर होडी वल्हवलेला माणूस मी, मला दोघांनी धरून गाडीत घातलं. याला रक्त नाही तर काय म्हणायचं?

सड्यावरची
याला दुसरा दिवस म्हणायचं! लेहला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं असतं. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रात्रीला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. तुम्हाला नेणाऱ्याला 'सगळे पॉइंट' उरकायचे होते, दोष मात्र पूर्वजांना.

धावतोय मी, चिपळूण
म्हणून आम्ही विमानाने जातच नाही. मनालीवरून रस्त्याने, म्हणजे सवय होत जाते. रोज दहा किलोमीटर धावतो, महिपतगड न थांबता चढतो.

सड्यावरची
मनाली दोन हजार. रात्री वाटेतल्या सरचूला तंबूत झोपलात तर ४२९०. ही कसली सवय? रस्त्यानेच जायचं तर श्रीनगरवरून जा, कारगिलचा मुक्काम २७००च्या आसपास पडतो. आणि महिपतगडाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. अख्खं कळसूबाई १६४६ मीटर.

आमच्यातला सगळ्यात दणकट पळणारा कांग यात्सेच्या वाटेवर, निमालिंगच्या तळावर गळाठला. सगळ्यांच्या पुढे जायची हौस, पाणी प्यायला थांबायचा नाही. मी सेहेचाळिशीची, मागून मोजून पावलं टाकत गेले. घरून नेलेलं केळ्याच्या वेफर्सचं पाकीट तिथे उशीसारखं टम्म फुगलं होतं. बाहेरचा दाबच कमी, ते तरी काय करणार? दाब कमी की श्वासागणिक ऑक्सिजनही कमी, मग तुझ्या डोक्याचं काय होईल बघ.

तातू, देवगड
काय ता डोंगर नि काय ता ऑक्सिजन. जुलैत भाताची लावणी कोण करतलो? पोरगे हिमालयात, भावजय मुंबयत, तरवो काढूक आमी म्हातारे. गडी गावणत नाय!

कामोठ्याचा चाकरमानी
तातू, विषय काय चाललाय? आणि दरवेळी मुंबईवाल्यांना का ओढता? पैसे आम्हीच पाठवतो.

तातू, देवगड
पैशान चिखल होता काय? तू गणपतीत येतंस, मोदक खातंस, बांधावर उभो रवान सेल्फी काढतंस. शेवटचो चिखलात कधी उतरलंस ता सांग.

कामोठ्याचा चाकरमानी
दोन हजार पंधराला. जळू चिकटली होती. झालं समाधान?

खाडीकाठचा, दाभोळ
तातूचं खरं आहे. माझा पुतण्या म्हणतो सुट्टी नाही, लावणीला येत नाही. आता याच पुतण्याला शिखरासाठी अठरा दिवस सुट्टी मिळाली. मला राग त्याचा आहे.

सड्यावरची
मग असं लिहायचं ना काका! चाळीस ओळी रक्तावर कशाला खर्च केल्यात? आमचीही दहा गुंठे शेती आहे. मी लावणी करून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघाले होते. शिखराच्या रात्री अकराला उठवलं तेव्हा कंबर चिखलातलीच आठवत होती. उन्हाने बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत उतरायचं असतं, म्हणून अर्ध्या रात्री निघतात. आणि खरं सांगते, शेवटचे दोनशे मीटर माझ्याने झाले नाहीत. डोकं दुखायचं थांबेना, गाईडने परत फिरवलं.

धावतोय मी, चिपळूण
म्हणजे शिखर झालंच नाही आणि आम्हाला अक्कल शिकवताय?

सड्यावरची
चालत परत आले, कोणी उचलून नाही आणलं. तू सरचूवरून कळव.

खाडीकाठचा, दाभोळ
बरं बाई, रक्ताचं मागे घेतो. पुतण्याला सांगतो, श्रीनगरवरून जा. पण लावणी उरकून, ऑगस्टात.

तातू, देवगड
ऑगस्टात तण काढूची बेणणी आसता. ती कोण करतलो?