मदत हवी आहे: बाबांच्या झाडापर्यंत आईला कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी, बाबा डायलिसिसवर होते, गेल्या वर्षी गेले. त्यांच्यासोबतच्या पेशंटांच्या आठवणीत घरच्यांनी मिळून गोव्यात सांगेच्या बाजूला उतारावर झाडं लावलीत, आमचं माट्टीचं, म्हणजे ऐनाचं. पाऊस लागला की आईला तिथे जायचंय, पण तिचे गुडघे दुखतात आणि जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसपण घसरतो, तर जून-जुलैत कोणी वयस्कर माणसांना घेऊन असं चढलंय का, काठी पुरते की दोघांनी धरावं लागतं, चप्पल कुठली घालायची? रोपाच्या काठीला बाबांच्या लुंगीची चिंधी बांधलीय, ती आईला बघायचीच आहे. आणि एप्रिलमध्ये पानं सगळी गळलेली, नखाने खरवडलं तर आत हिरवं होतं, म्हणजे जगलंय ना?