आईला एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) आहे. गावात राहून काळजी कशी घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आई ६१ वर्षांची. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावर टाकायचा मांडा (मोठी पातळ पुरणपोळी) तिच्या हातावर फाटला, एकदा नाही, तीनदा. हाताकडे बघत म्हणाली, "मना हात मनं आयकत नही." आम्हाला वाटलं, थकली असेल.

पुढे आठ महिने मानेची नस दबल्याचे उपचार चालले. पट्टा, शेक, गोळ्या. दंडाचं मांस उतरत होतं, कातडीखाली स्नायू फडफडत होते, पण मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. हे कुणी जोडून पाहिलं नाही याचं अजून वाईट वाटतं. शेवटी नाशिकला ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) झालं आणि एएलएस निघाला. रिलुझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे, यकृताच्या रक्ततपासण्याही करतो. गोळीने आजार बरा होत नाही, थोडा सावकाश होतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आता बोलणं जड झालंय. चहा पिताना ठसका लागतो, सकाळी डोकं दुखतं. एक नातेवाईक स्टेम सेलचं सांगतात, बाबा त्यासाठी अर्धा एकर विकायला तयार आहेत. विकू द्यावं का? आणि बोलणं पूर्ण थांबलं तर? आई चौथी शिकलेली, बोलते अहिराणी. फोनमधली मराठी तिला परकी वाटते. आखाजीची गाणी गावात तिच्याइतकी कुणाला येत नाहीत. हे अनुभवलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. आम्ही धुळ्याचे. जमीन विकू देऊ नका. स्टेम सेलने एएलएस बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारावर ते पैसे घेऊन द्यायचे उपचार नाहीत. ते पैसे पुढे लागतील.

सकाळची डोकेदुखी डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. रात्री श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर असं होतं. फुप्फुसांची क्षमता तपासून बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लागेल का ते ठरवतात. घरी कुणी नुसता ऑक्सिजन लावू पाहील, डॉक्टरांना न विचारता लावू नका, त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. बायपॅप आलं तर इन्व्हर्टर आधी घ्या, आपल्याकडची वीज माहीत आहेच.

ठसक्यासाठी गिळण्याची तपासणी करून घ्या. पातळ चहा-पाण्यापेक्षा दाटसर, मऊ खिचडी सोपी जाते. अन्नासाठी पोटातून नळी घालायची वेळ येणार असेल तर श्वास फार कमकुवत होण्याआधी घालतात. आम्ही "बघू, बघू" करत उशीर केला.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच अर्ज करा, बोर्डापुढे नेणं नंतर अवघड होतं. माहितीसाठी मुंबईचं आशा एक होप फाउंडेशन याच आजारावर काम करतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये (मेंदू-मज्जासंस्थेचं सरकारी रुग्णालय) दुसरं मत घेता येतं.

आणि बोलणं. डोळ्यांचे स्नायू सहसा शेवटपर्यंत साथ देतात. पुठ्ठ्यावर ओळींत अक्षरं लिहा, तुम्ही ओळीवर बोट ठेवा, हवी ती ओळ आली की त्यांनी डोळे वर करायचे, मग त्या ओळीतलं अक्षर तसंच. आवाज आहे तोवर गाणी रेकॉर्ड करा. रोजची वाक्यंही, "पानी दे", "कूस बदल", त्यांच्याच आवाजात.

धागाकर्ती

खूप खूप आभार. तपासणीची वेळ घेतली. जमिनीचा विषय बाबांनी थांबवला. काल दोन गाणी रेकॉर्ड केली, तिसऱ्याला आई दमली. आज पुठ्ठा करायला घेतलाय. आई ळ म्हणतच नाही, डोळ्याला डोया म्हणते. मग ळ वगळून त्या घरात "पाठ खाजवा" लिहिलं तर चालेल ना?