मदत हवी आहे : घरी ऑक्सिजनचा फ्लो वाढवू नये हे कसं पटवता?

सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा दीर्घकाळचा आजार) रुग्णाला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) देऊन घरी पाठवताना आपण सांगतो: फ्लो डॉक्टरांनी लिहिला तेवढाच, बहुधा मिनिटाला १ ते २ लिटर, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ ते ९२ टक्के पुरे. घरी कुणीतरी म्हणतं, “९५ च्या वर हवं ना?” आणि नॉब थेट ५ वर. (कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघरी, सोबत एक तज्ज्ञही.) मग कार्बन डायऑक्साइड साठतो: सकाळी डोकेदुखी, हात थरथरणं, गुंगी. घरच्यांना वाटतं, छान झोप लागलीय!

ऑक्सिमीटरवर आकडा घसरलेला दिसला तरी कारण अनेकदा साधंच असतं. बोटं गार किंवा नखांना मेंदी, नळीला पीळ, ह्युमिडिफायरचं (ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली) झाकण सैल. कॅन्युलाची (नाकात लावायची नळी) टोकं पेलाभर पाण्यात बुडवून बुडबुडे बघायला शिकवतो. बुडबुडे नसतील तर आधी झाकण घट्ट करायचं. नॉबला चिकटपट्टी लावली तर ती दोन दिवसांत निघते.

वाचता न येणाऱ्या घरात तुम्ही ८८-९२ ची मर्यादा कशी समजावता? चित्राचं कार्ड, रंगाची खूण? आणि फ्लो लॉक होणारं मशीन कुणी वापरलंय का?