मदत हवी आहे: जुनी फ्रेंच फुलदाणी डुगडुगते, कुठला गोंद लावू?

रेवाकाठ:
लियाँला राहते. मागच्या रविवारी इथल्या जुन्या बाजारात एक निळी फुलदाणी घेतली. पोटावर गुलाबांचं चित्र, दोन्ही बाजूंना सोनेरी कड्या, खाली सोनेरी बैठक. घरी आणल्यापासून डुगडुगतेय. कुठला गोंद लावू? बैठकीच्या नक्षीत हिरवट काळपट काहीतरी बसलंय, तेही काढायचंय. शनिवारी सासूबाई येतायत. जाणकारांनी लवकर सांगा.

सोनचाफा:
चिंच-मीठ लाव गं. माझी समई दर सणाला त्यानेच लखलखते.

कसबेकर:
अहो नका! समई सगळी पितळेची, हा मुलामा आहे. जुन्या कामात सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावत आणि आचेवर पारा उडवत. वर राहतो तो सोन्याचा पातळ थर. मी आजोबांच्या फ्रेंच घड्याळावर पितळेचं पॉलिश घासलं होतं. बोळा काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. मग एका पानाच्या टोकाचं सोनंच गेलेलं दिसलं. अजून तिकडे बघवत नाही.
रेवाताई, फुलदाणी उलटी करून फोटो टाका. बैठकीच्या आतून धातू पिवळा दिसतो की राखाडी? राखाडी असेल तर जस्त.

रेवाकाठ:
पिवळा. पण मी गोंद विचारला होता. तळाला दोन एल एकमेकांत गुंतवलेत, मधे ए.

जुनाबाजार:
अभिनंदन! फ्रान्सच्या सेव्र पोर्सेलीन कारखान्याची खूण आहे ही. ए हे वर्षाचं अक्षर, म्हणजे १७५३. लगेच विमा उतरवा.

कसबेकर:
घाई करू नका. १७५३ मध्ये तो कारखाना व्हँसेनला होता, सेव्रला गेला १७५६ मध्ये. खूण तीच, पण एकोणिसाव्या शतकात तिच्या इतक्या नकला झाल्या की नुसत्या खुणेवर मी विश्वास ठेवणार नाही. माती बघा. कठीण पोर्सेलीनला लागणारी केओलिन ही पांढरी माती फ्रान्समध्ये लिमोजजवळ सापडली १७६८ मध्ये. तुमची माती कठीण निघाली तर तो ए खोटा.

जुनाबाजार:
मग ब्राँझवर मुकुटवाला सी आहे का बघा. १७४५ ते १७४९ मध्ये कर भरल्याचा तो शिक्का असे.

कसबेकर:
तो सापडला तरी फक्त ब्राँझबद्दल सांगेल. तेव्हा पॅरिसचे व्यापारी चिनी सेलॅडॉनची, म्हणजे फिकट हिरव्या झिलईची, भांडी आणून त्यांना ब्राँझची बैठक आणि कड्या चढवून घेत. भांडं एकीकडचं, धातू दुसरीकडचा. तुमच्या फुलदाणीचंही दोन्ही वेगवेगळं तपासायला हवं.

मुक्कामपोस्ट:
भारतात आणणार असाल तर सांभाळून. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, परत बाहेर नेताना अडचण येईल.

रेवाकाठ:
भारतात नेत नाहीये हो! गोंद??

हातोडी:
एपॉक्सी भरा, पाच मिनिटांत काम.

कसबेकर:
एपॉक्सी मुळीच नको, पुढे सोडवताना भांडं फुटेल. अशा फुलदाण्या बहुधा चिकटवलेल्या नसतात. तळाच्या भोकातून आट्यांची सळई जाते, खाली नट असतो. तो सैल झाला की डुगडुगते. फक्त बोटांनी फिरवा, पाना लावू नका. मधे चामड्याचा किंवा बुचाचा वॉशर आहे का बघा, नसेल तर धातू थेट पोर्सेलीनवर दाबला जातो.
हिरवटपणाला डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस टेकवा, लगेच कोरडं करा. नाही निघालं तर राहू द्या.

रेवाकाठ:
नट होता! चामड्याचा नुसता भुगा पडला. बुचाची चकती कापून घातली, नट बोटांनी फिरवला. आता हलत नाही. खूप आभार. पण भोकापासून केसाएवढी एक रेघ निघालीय, दीड इंच. ती आधीची का मी केली?

कसबेकर:
रेघ मळकट असेल तर बहुधा जुनी. आत टॉर्च मारा. आतूनही दिसते?

रेवाकाठ:
हो. मळकट आहे.

कसबेकर:
मग तडा आरपार आहे. नट अर्धा फेरा सैल करा, थोडी हलली तरी चालेल. पाणी घालू नका, कड्यांना धरून उचलू नका. शनिवारी भिंतीलगत रिकामीच ठेवा आणि नंतर पोर्सेलीनचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा.